दूरदर्शनच्या काळातल्या अंतराळ मालिका आजच्या मुलांना कशा दाखवाव्यात?

तुम्ही विचारलंय की लहानपणी रविवारी सकाळी जीव टाकून पाहिलेली 'स्टार ट्रेक' मुलांना लावून दिली, तर दहा मिनिटांत ती उठून गेली. आता पुन्हा प्रयत्न करावा की नाद सोडावा?

नाद सोडू नका. माझ्या घरी पहिल्या खेपेला अगदी हेच झालं होतं. मुलगी तेव्हा दहा वर्षांची, मुलगा सहाचा. मी हौसेनं पहिल्या भागापासून सुरुवात केली आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. भाकऱ्या थापून बाहेर आले तर टीव्ही चालू आणि खोली रिकामी. मनाला लागलं. दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आलं की आपण ही मालिका अशी पाहिलीच नव्हती. आपल्याला कुणीतरी ती सांगितली होती.

माझं माहेर बेळगावातलं वडगाव, विणकरांची वस्ती. घरात चार माग. रविवारी सकाळी माग बंद असले की गल्लीत टीव्ही असलेल्या घरी आम्ही पंधरा-वीस पोरं जमिनीवर बसायचो. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. माझे धाकटे काका तेवढे दहावी झालेले, आणि त्यांचं इंग्रजी बरंचसं मागाच्या सुट्या भागांच्या बिलांवरून शिकलेलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे आणि चालू भागात मराठीत सांगत जायचे. 'गॅलिलिओ' नावाचं छोटं यान मोठ्या यानातून बाहेर पडलं तेव्हा टीव्हीतल्या माणसानं 'शटल' म्हटलं, आणि काका लगेच म्हणाले, "हा त्यांचा धोटा." आम्हाला पटकन समजलं. मागावर धोटा जसा या काठाकडून त्या काठाकडे जा-ये करतो, तसं हे यान ग्रहावर जाऊन परत येतं. इंग्रजीत मागाच्या धोट्याला आणि त्या यानाला खरोखरच एकच शब्द आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. काकांनी भाषांतर केलं नव्हतं. त्यांना तो शब्द आधीपासून हातातला होता.

त्यांचं निम्मं सांगणं चुकीचं असणार, हे आज पुन्हा पाहताना कळतं. पण आम्ही पाहत होतो ते काकांच्या तोंडची गोष्ट आणि समोरची हलती चित्रं, दोन्ही मिळून. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की लावून देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा, रिमोट हातात ठेवा, थांबवा, सांगा, पुढे चला. पन्नास मिनिटांचा भाग आमच्याकडे दीड तास चालतो आणि कुणी उठत नाही. मुलांना इंग्रजी येत असलं तरी हे करा. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, तिला शब्द कळतात. पण ती माणसं एकमेकांशी अशी का वागतात, हे घरच्या भाषेतच सांगावं लागतं.

दुसरं, पहिल्या भागापासून सुरू करायची काही गरज नाही. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत तीन हंगाम चालली आणि तिचे ७९ भाग आहेत. जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, कुठूनही घ्या. लहान मूल असेल तर 'द डेव्हिल इन द डार्क' या भागापासून सुरुवात करा. एका ग्रहावरच्या खाणीत काहीतरी सरपटत येतं आणि खाणकामगारांना मारतं. सगळे त्याला राक्षस समजतात. पुढे कळतं की ती एक आई आहे. खाणीत सापडणारे जे गोल दगड कामगार बिनकामाचे म्हणून फोडत होते, ती तिची अंडी होती. तिचं शरीर सिलिकॉनचं, दगडासारखं. म्हणून डॉक्टर तिची जखम भरायला चक्क काँक्रीट वापरतो. आमच्या घरी तेव्हा वरच्या मजल्याचं काम चालू होतं. मुलगा गवंड्याच्या थापीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपलं घर पण बरं व्हायलंय." त्या दिवसापासून तो स्वतःहून पुढचा भाग मागायला लागला.

आता 'हे किती खोटं दिसतं' या तक्रारीबद्दल. ती येणारच. तो दगडी प्राणी म्हणजे आत माणूस शिरलेला एक जाड पोशाख आहे, आणि तसाच दिसतो. मी त्यावर वाद घातला नाही. मुलांना एवढंच विचारलं की आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथावरचा गड खरा असतो का? ज्यांनी बेळगावची ती मिरवणूक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: गल्लीगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा करतात, पोरंटोरं मावळे होतात, आणि लोक रात्रभर रस्त्याकडेला उभे राहून बघतात. थर्माकोल कुठे संपतो आणि पुठ्ठा कुठे सुरू होतो हे आमच्या मुलांना नीट दिसतं, तरी अफझलखानाच्या प्रसंगाला त्यांचा श्वास अडकतो. जुनी मालिका त्याच नजरेनं बघायची. एकदा तशी नजर लागली की ती कशी केली असेल याचंच कुतूहल वाटायला लागतं.

आणि ती कशी केली हे खरोखर सांगण्यासारखं आहे. माणसं चमचमत नाहीशी होतात आणि ग्रहावर उमटतात ना, ती युक्ती पैसे वाचवायला काढलेली. एवढं मोठं यान दर भागात ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. त्या चमचमाटासाठी ॲल्युमिनियमची भुकटी प्रखर उजेडात सोडून तिचं चित्रण केलं होतं. यानाचे दरवाजे आपोआप सरकतात असं वाटतं, पण पडद्यामागे माणसं ते ओढत होती. डॉक्टरच्या हातातली काही उपकरणं म्हणजे वेगळ्या घडणीच्या मिठाच्या बाटल्या. हे ऐकल्यावर आम्ही गणपतीच्या सजावटीतली उरलेली चमकी काढली, बाजूनं टॉर्च धरला, मागं काळी चादर टांगली, आणि मोबाइलवर संथ गतीनं चित्रण केलं. धाकटा चमकीच्या पावसात उभा राहिला. ते चित्रण इतकं हुबेहूब आलं की मुलीनं ते अख्ख्या वर्गाला दाखवलं. फरशीवरची चमकी दिवाळीपर्यंत निघत होती.

२००६ पासून या मालिकेची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात यानाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर नव्यानं केली आहेत. ब्लू-रे संचात दोन्हींपैकी हवी ती निवडता येतात. माझं मत जुन्यांच्या बाजूनं आहे. नवी दृश्यं सफाईदार आहेत, पण आतले सेट जुनेच असल्यामुळे बाहेरचं यान एका काळातलं आणि आतली भिंत दुसऱ्या काळातली वाटते. मुलांना ते लगेच खटकतं.

रंगांबद्दलही एक सांगते. आमच्या गल्लीतला टीव्ही कृष्णधवल होता. यानावरच्या लोकांचे शर्ट पिवळे, निळे, लाल असे कामाप्रमाणे वेगळे असतात, हे मला चाळिशीत कळलं. मुलांसोबत मी काही गोष्टी खरोखरच पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यांना ते फार आवडायचं. आईलाही इथे सगळं माहीत नाही म्हटल्यावर ती जास्त सरसावून बसतात.

आमच्या भागातल्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो, तो मुद्दाम लिहिते. धाकट्यानं तिसऱ्याच भागात विचारलं, "सगळ्या ग्रहांवर इंग्रजीच कसं ओ बोलतात?" इथलं मूल घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेलं की कन्नड आणि दुकानात हिंदी असं दिवसातून दहा वेळा बदलतं. त्याला हा प्रश्न पडणारच. मालिकेत त्याचं उत्तर आहे. त्यांच्याकडे भाषांतर करणारं यंत्र असतं, आणि एका भागात कॅप्टन ते कसं चालतं हे समजावूनही सांगतो. त्याच बोलण्यात मी उहुराबद्दल सांगितलं. यानावरचं संदेशवहन सांभाळणारी ही अधिकारी आफ्रिकी वंशाची आहे, आणि तिचं नाव स्वाहिलीतल्या 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य, या शब्दावरून ठेवलेलं आहे. १९६६ साली अमेरिकी टीव्हीवर कृष्णवर्णीय बाई अशा जागी बसलेली दिसणं ही मोठी गोष्ट होती. मुलीला यंत्रापेक्षा उहुराच जास्त भावली.

तिच्यासाठी एक भाग मी दीड वर्ष राखून ठेवला होता. 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड', जानेवारी १९६९ चा. दोन माणसं यानावर येतात. दोघांचा चेहरा उभा मधोमध दुभागलेला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक दुसऱ्याचा हजारो वर्षं पाठलाग करतोय. यानावरच्या लोकांना दोघं सारखेच दिसतात, तेव्हा पाठलाग करणारा चिडून फरक दाखवतो. माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी पांढरी. शेवटी ते आपल्या ग्रहापाशी पोचतात तर तिथे कुणीच उरलेलं नसतं, सगळे आपसात लढून मेलेले. तरीही ते दोघं एकमेकांच्या मागे धावत खाली उतरतात.

तो भाग आम्ही एक नोव्हेंबरला पाहिला, ठरवून नव्हे. त्या दिवशी बेळगावात शाळांना सुट्टी असते. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी, म्हणून मुलांना घरातच ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरचा, धाकट्याच्या वयाचा मुलगाही आमच्याकडे आला होता. त्याच्या घरी कन्नड. मी मराठीत सांगत होते आणि मुलगी ते त्याला कन्नडमध्ये सांगत होती. तो फरकाचा प्रसंग आला तेव्हा मी थांबवलं नाही, काही बोललेही नाही. त्या मुलानं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "इब्बरू ओंदे." दोघं एकच आहेत. माझ्या मुलानं मान हलवली आणि पुढं काय होतंय ते बघायला लागला. मुलगी मात्र शेवटपर्यंत अस्वस्थ होती. रात्री अंथरुणात विचारलं, "आई, पण सुरुवात कुणी केली ते का नाही दाखवलं? ते कळल्याशिवाय मिटवणार कसं?" मला तिला उत्तर देता आलं नाही. माझ्या वडिलांनी सीमाप्रश्नासाठी मोर्च्यात लाठी खाल्लेली आहे, आणि ती जखम आमच्या घरात अजून ओली आहे. मी तिला आजोबांची ती गोष्ट सांगितली. मग ती बराच वेळ जागी होती. मालिकेनं माझ्या घरात केलेलं सगळ्यात मोठं काम तेच, असं मला वाटतं. हा भाग दहा वर्षांखालच्या मुलांना एकट्यानं बघू देऊ नका.

'स्टार ट्रेक'च्या बाहेर जायचं असेल तर 'द ट्वायलाइट झोन' (१९५९ ते १९६४) घ्या. बरेचसे भाग पंचवीस मिनिटांचे. त्यातला १९६१ चा 'द इन्व्हेडर्स' हा भाग इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. एका एकाकी घरात राहणारी बाई, माळ्यावर खडखडाट, आणि ती शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. शेवट मी सांगणार नाही, तुम्हीही मुलांना आधी सांगू नका. आपल्याकडची 'कॅप्टन व्योम' (१९९८) हिंदीत असल्यामुळे मुलं ती सहज बघतात, पण मोठ्या मुलांना ती फार धरून ठेवत नाही. आणि गोष्टींच्या जोडीला खरं विज्ञान हवं असेल तर १९८० ची 'कॉसमॉस' आहे, १३ भागांची. ती मात्र रात्री, गच्चीवर जाऊन तारे पाहून आल्यावर लावा. आम्ही खानापूरकडे नातेवाइकांच्या गावी गेलो होतो, तिथे दिवे कमी असल्यामुळे आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसला. परत आल्यावर पहिला भाग लावला, आणि मुलं एकदाही हलली नाहीत.

मुलांची वयं किती, घरात कोणती भाषा बोलता, आणि त्यांना कशाची भीती वाटते, एवढं कळवलंत तर पहिले तीन भाग कोणते लावावेत हे नेमकं सांगते. अंधाराला भिणारं मूल असेल तर 'द इन्व्हेडर्स' दुपारी लावा.