स्पॅनिश आणि इतर परदेशी सिनेमा घरी डिस्कवर पाहायला सुरुवात करतोय. डबिंग घ्यावं की सबटायटल? आणि कुठल्या चित्रपटापासून सुरुवात करू?

सबटायटल. डबिंगचा विषय माझ्यापुरता इथंच संपला. पण "सबटायटल काय, कुठलीही लावा" म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलेलं नाही. खरा घोटाळा तिथंच होतो.

डिस्कवर इंग्रजी डब असेल तर इंग्रजी सबटायटल अनेकदा त्या डबच्या संहितेवरून उचललेली असतात. डबिंगचं वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायचं असतं, म्हणून शब्द गाळतात, घुसडतात, बदलतात. म्हणजे कानावर मूळ आवाज आणि डोळ्यांपुढे डब. ओळखायचं कसं? भरपूर बोलणं असलेला पाच मिनिटांचा प्रसंग काढा, आवाज इंग्रजी डबचा ठेवा आणि इंग्रजी सबटायटल चालू करा. शब्द न् शब्द जुळला तर ती डबचीच. मेनूत कर्णबधिरांसाठीचा इंग्रजी ट्रॅक एकटाच दिसला तरी संशय घ्या.

2008च्या स्वीडिश 'लेट द राइट वन इन'चं उदाहरण गाजलेलं आहे. अमेरिकेतल्या डिस्कवर चित्रपटगृहातली सबटायटल काढून सपाट, सोपी केलेली टाकली होती. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर पुढच्या प्रतींत मूळची परत आली. त्यामुळे जुनी प्रत घेताना कव्हरवर सबटायटलपुढे 'थिएट्रिकल' लिहिलंय का ते बघा.

स्पॅनिशमधून स्पॅनिशमध्येसुद्धा माती खाता येते. 'रोमा' हा मेक्सिकन चित्रपट नेटफ्लिक्सवर स्पेनमध्ये आला तेव्हा मेक्सिकन बोलीला स्पेनच्या स्पॅनिशची सबटायटल लावली होती. पात्र 'ममा' म्हणतं, खाली 'माद्रे'. पात्र 'गान्सितो' हा मेक्सिकन केक म्हणतं, खाली 'गांचितोस', म्हणजे भलताच कुरकुरीत खाऊ! दिग्दर्शक कुआरोन भडकले आणि 2019च्या जानेवारीत ती काढावी लागली. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोंनी तर आधीच्या चित्रपटाच्या सबटायटलांना वैतागून 'पॅन्स लॅबिरिंथ'ची इंग्रजी सबटायटल स्वतःच लिहिली. आता सांगा, कुठलीही लावा?

यंत्राचं थोडक्यात. रीजन (डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप) आणि पाल-एनटीएससी (वेगवेगळ्या देशांतल्या टीव्ही-व्हिडिओच्या दोन पद्धती) या दोन वेगळ्या भानगडी आहेत. रीजन-फ्री प्लेअर पाल चालवेलच असं नाही. पाल डीव्हीडीवर 24 फ्रेमचा सिनेमा सेकंदाला 25 फ्रेमनं पळतो, त्यामुळे 120 मिनिटांचा चित्रपट सुमारे 115 मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. कव्हरवर पाच मिनिटं कमी दिसली की लगेच कात्री लागली म्हणून बोंब मारू नका.

हाच फरक बाहेरून सबटायटल फाइल जोडताना नडतो: फाइल पाल प्रतीवरून बनलेली आणि तुमच्याकडचा चित्रपट 24 फ्रेमचा. पहिला संवाद बरोबर बसतो आणि तासाभरानं सबटायटल अडीच मिनिटं आधीच येतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सबटायटल मागेपुढे करणारी जी-एच बटणं दाबत बसून उपयोग नाही, त्यानं सगळी फाइल सारखीच सरकते. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 25वरून 23.976 (24 फ्रेमचा नेमका आकडा बहुधा हाच असतो) करा. é, ñ सारखी खुणांची अक्षरं चित्रविचित्र दिसली तर फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात सेव्ह करा.

सुरुवात व्हिक्तोर एरिसेच्या 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' (1973) पासून करा. संवाद कमी आहेत, त्यामुळे चित्र बघायला डोळे मोकळे राहतात. मग कार्लोस साउराचा 'क्रिआ कुएर्वोस' (1976). बेरलांगाचा 'एल बेर्दुगो' (1963) अप्रतिम आहे, पण पहिला नको. लांबलचक शॉट्समध्ये चार माणसं एकदम बोलतात आणि दोन ओळींच्या सबटायटलमध्ये त्यातलं निम्मंच मावतं. बाकी देशांची यादी दुसऱ्या कुणी द्यावी.

आणि हो, डबिंगला सरसकट शिव्या घालताना एक कबूल करायला हवं. वाचायला न येणारं लहान मूल किंवा नजर अधू असलेलं माणूस सोबत असेल तर डबच लावा. शिवाय साठच्या दशकातल्या इटालियन सिनेमात आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओतच भरलेला असायचा. फेलिनीच्या चित्रपटात इटालियन ट्रॅकवरसुद्धा ओठ जुळणार नाहीत. डिस्क खराब निघाली म्हणून परत करायला जाऊ नका.