पेरूच्या बिया आणि आतड्यातले खिसे

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. बद्धकोष्ठ जुनं. शौचातून एकदा रक्त गेलं म्हणून दुर्बिणीने आतडं तपासलं. मोठ्या आतड्याच्या डाव्या, शेवटच्या भागात बरेच ‘डायव्हर्टिक्युला’ (भिंतीतून बाहेर आलेले छोटे खिसे) निघाले, गाठ नाही. मग सोनोग्राफीत मूत्राशयालाही एक डायव्हर्टिक्युलम दिसलं, ४ सेंटिमीटरचं. प्रोस्टेट वाढली आहे, लघवी करून आल्यावरही १४० मिली आत उरते. बाथरूममधून येतात आणि पाच मिनिटांत परत जातात. जाऊबाईंच्या सांगण्यावरून पेरू, टोमॅटो, वांगी, अंजीर, तिळाची चटणी, सगळं बंद केलं आहे. तीन महिने मऊ भात आणि दही खातात, वजन चार किलो उतरलं. हा कॅन्सर तर नाही? दोन्हीकडे ऑपरेशन लागेल का? (पूर्वी विडी ओढायचे, आता सोडली. गुडघ्यांसाठी रोज एक गोळी घेतात.) – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी त्यांचं ताट बघू. तीन महिने मऊ भातावर काढलेले वाचून जीव कळवळला. आज रात्री त्यांना भाकरी आणि तिळाची चटणी वाढा. बिया या खिशांत अडकतात आणि तिथं सूज येते, असं आम्हालाही शिकताना सांगितलं होतं. मीही कितीतरी वर्षं पेशंटना तेच सांगत आले. मग २००८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्यापिण्यावर १८ वर्षं लक्ष ठेवलं होतं. दाणे आणि मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाला नाही, उलट थोडा कमीच झाला. तेव्हापासून मी कुणाचा पेरू बंद केलेला नाही.

तो मऊ भात मात्र त्यांच्या आजाराला खतपाणी घालतो आहे. डायव्हर्टिक्युलम या लॅटिन शब्दाचा अर्थ आडवाट. आतड्याच्या भिंतीला बाहेरून स्नायूचा थर असतो, आतून मऊ अस्तर. रक्तवाहिन्या जिथं स्नायू भेदून आत शिरतात, तिथं भिंत मुळातच कच्ची. शौचाला घट्ट होत असेल तर आतड्याला जोर लावावा लागतो, दाब वाढतो आणि त्या कच्च्या जागेतून अस्तर बाहेर डोकावतं. सायकलच्या टायरला चीर गेली की ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, अगदी तसं. पेंटर आणि बर्किट या सर्जननी १९७१ मध्ये कोंडा काढलेल्या पिठाकडे बोट दाखवलं, ते याचसाठी. पुढे वय, वजन, धूम्रपान, आनुवंशिकता अशी कारणांची यादी वाढली, पण भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी यांचं महत्त्व टिकून आहे. फक्त एकदम सगळं सुरू करू नका, पोट फुगेल. आठवड्याला थोडं थोडं वाढवा. इसबगोल दिलंत तर भरपूर पाण्याबरोबर द्या. महिनाभर नीट जेवूनही वजन परत येऊ लागलं नाही, तर मात्र डॉक्टरांना सांगा. ते भातामुळेच उतरलं असं समजून बसू नका.

हे खिसे म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि नुसते खिसे आहेत म्हणून आतड्याचं ऑपरेशन कुणी करत नाही. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मला जास्त काळजी वाटली ती तुम्ही कंसात लिहिलेल्या गुडघ्याच्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी या खिशांतून रक्त जाण्याचा आणि ते सुजण्याचा, दोन्ही धोके वाढतात. गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा आणि दुसरा उपाय मागा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही.

डाव्या ओटीपोटात सतत दुखू लागलं आणि ताप आला, तर खिसा सुजला असं समजून त्याच दिवशी दाखवा. निदान सीटी स्कॅनवर होतं. सूज साधी असेल तर हल्ली काहींना अँटिबायोटिकशिवायही बरं करता येतं, पण ते स्कॅन बघून डॉक्टरांनी ठरवायचं. त्या दिवसांत आतड्याची दुर्बीण तपासणी टाळतात, लागलीच तर सहा-आठ आठवड्यांनी करतात. पोट लाकडासारखं कडक झालं किंवा रक्त भसाभसा जाऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एक खूण सांगते. नवी प्रॅक्टिस असताना माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले. म्हणाले, “डॉक्टर, लघवीतून वारा सरतो.” मला वाटलं, फेस होत असेल. लघवीची तपासणी लिहून दिली आणि घरी पाठवलं. दोन महिन्यांनी ते थंडी वाजून, तापाने फणफणलेले आले. आतड्याचा सुजलेला खिसा मूत्राशयाला चिकटून दोघांमध्ये भोक पडलं होतं, त्यातून हवा लघवीत येत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी निदान माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते ऐकलं नाही. ऑपरेशननंतर ते बरे झाले, पण ते वाक्य मी विसरलेले नाही. लघवीत बुडबुडे किंवा घाण दिसली, तर यजमानांना याच शब्दांत सांगायला सांगा. कुणी हसलं तरी.

आता मूत्राशय. इथंही दाबाचीच गोष्ट, फक्त अडवणारी प्रोस्टेट. बाहेरची वाट अरुंद झाली की मूत्राशय जोर काढून काढून जाडजूड होतं आणि स्नायूंच्या दोऱ्यांमधून अस्तराचा फुगा बाहेर येतो. त्या फुग्याला स्वतःचा स्नायू जवळजवळ नसतो. मूत्राशय आवळलं की थोडी लघवी बाहेर पडते, थोडी फुग्यात जाते आणि सैल पडलं की मागे येते. यजमान पाच मिनिटांत परत का जातात, ते एवढ्यावरून कळेल. त्यांना मुद्दामच तसं करायला सांगा. एकदा जाऊन यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा जायचं. बद्धकोष्ठ सुटलं की लघवीलाही थोडं मोकळं वाटेल.

उपचार आधी अडथळ्यावर. गोळ्यांनी पुष्कळांचं भागतं (टॅमसुलोसिन दिली तर रात्री अंथरुणातून सावकाश उठायचं, चक्कर येते). नाही भागलं तर दुर्बिणीतून प्रोस्टेट मोकळी करतात, आणि त्यानंतर फुग्याला बहुतेकदा हातही लावावा लागत नाही. फुगा काढावा लागतो तो त्यात खडे झाले, वारंवार संसर्ग झाला, तो फार मोठा असला किंवा आत गाठ निघाली तर. विडीमुळे मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि फुग्याची भिंत पातळ असल्याने तिथली गाठ लवकर बाहेर पसरते. म्हणून यूरोलॉजिस्टना मूत्राशयात दुर्बीण घालून फुग्याच्या तोंडातून आत बघायला सांगा. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, न दुखता गेलं, तरी महिना घालवू नका.

प्रश्न : वय ३८. पाच वर्षं सारखा लघवीचा संसर्ग. लघवी करून उठल्यावर थोड्या वेळाने कपडे ओले होतात. संबंधांच्या वेळी दुखतं. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक मिळतं. सांगायची लाज वाटते. – नाव नको

उत्तर : तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मूत्रमार्गाशेजारच्या छोट्या ग्रंथी संसर्गाने तुंबून फुटल्या की तिथंही असाच खिसा तयार होतो. त्यात लघवी साठते आणि मागाहून गळते. तुमचं तेच आहे असं पत्रावरून मी म्हणणार नाही, पण तपासल्याशिवाय आणखी एक अँटिबायोटिक घेऊ नका. योनीच्या पुढच्या भिंतीवर बोटाने दाबलं तर तिथं गाठ लागते, कधी पू येतो. एमआरआयमध्ये खिसा स्पष्ट दिसतो. ऑपरेशन योनीमार्गातून होतं, नंतर दोन-तीन आठवडे लघवीची नळी ठेवावी लागते. तपासणीच्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, तर हा कागद पुढे करा : “सारखा संसर्ग होतो. उठल्यावर गळतं. संबंधांच्या वेळी दुखतं. मूत्रमार्गाचं डायव्हर्टिक्युलम आहे का, ते बघाल का?”