सेरेब्रल पाल्सीविषयी लोकजागृती करायची असेल, तर लोकांना नेमके काय सांगावे?

आपला प्रश्न असा आहे की, ६ ऑक्टोबरच्या जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनी हिरवे कपडे घालून फेरी काढण्यापलीकडे काही करायचे असेल, तर लोकांना काय सांगावे आणि कोणाला सांगावे. मला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. माझे हात, पाय आणि चेहरा इच्छेवाचून हलत राहतात, बोलणे अस्पष्ट आहे आणि हे उत्तर पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर निवडत मी दोन संध्याकाळी बसून लिहिले आहे. त्यामुळे ते कुठे परखड वाटले, तर शब्द जपून वापरण्याच्या सवयीचा तो परिणाम समजावा.

हा दिवस २०१२ सालापासून पाळला जातो आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र जगात सुमारे १ कोटी ७० लाख लोकांना ही अवस्था आहे, हा अंदाज ऐकून श्रोता हळहळतो आणि घरी जातो. त्याच्या हातून दुसऱ्या दिवशी वेगळे काही घडत नाही. म्हणून ज्यावर माणसाला लगेच काही करता येईल, अशाच गोष्टी सांगाव्यात असे माझे मत आहे.

आधी नावाचा घोळ मिटवावा लागतो. ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हटले की लोकांना वृद्धांना येणारा झटका आठवतो आणि ‘बालपक्षाघात’ म्हटले की पोलिओ. सेरेब्रल पाल्सी या दोन्हींहून वेगळी आहे. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे मेंदूची वाढ चालू असताना, त्याला इजा झाली किंवा त्याची घडण बिघडली, तर हालचाल आणि शरीराचा तोल यांवर आयुष्यभर परिणाम राहतो. ती संसर्गाने पसरत नाही. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. स्नायू आणि सांधे मात्र वयानुसार बदलत जातात. बहुतेकांचे स्नायू ताठर असतात, काहींच्या हालचाली माझ्यासारख्या अनियंत्रित असतात, तर थोड्यांचा तोल जातो.

सर्वांत जास्त वेळ मी ज्यांच्या घरात तान्हे बाळ आहे त्यांच्यासाठी राखून ठेवीन. माझी अवस्था जन्मानंतरच्या तीव्र काविळीतून आली. रक्तातील बिलिरुबिन (काविळीत अंग पिवळे करणारे द्रव्य) फार वाढले की ते मेंदूच्या खोल भागांत उतरते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशींना, कित्येकदा श्रवणशक्तीलाही, कायमची इजा करते. नवजात बाळांना सौम्य कावीळ अनेकदा होते आणि आपोआप ओसरते, म्हणूनच ‘होतेच ती’ असे म्हणून दुर्लक्षही होते. परंतु पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळवे-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा किंवा पिवळ्या बाळाचे सुस्त पडून दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी व्हायला हवी. प्रकाशाने बिलिरुबिन उतरते, हे इंग्लंडमधील एका परिचारिकेने बाळांना उन्हात नेताना १९५६च्या सुमारास हेरले आणि दोन वर्षांनी त्यावर शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला. इतका साधा उपाय हाताशी असताना केवळ माहितीअभावी उशीर व्हावा, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे लवकर दिसणाऱ्या खुणा. तीन-चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणे, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, अंग फार ताठ किंवा फार लुळे असणे, आणि वर्षाच्या आत बाळाने एकच हात वापरू लागणे. ही शेवटची खूण घरात कौतुकाचा विषय होते, ‘डावखुरा दिसतोय’ म्हणतात. खरे तर त्या वयात बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. ‘प्रत्येक मूल आपापल्या वेळेने बसते’ हा धीर अशा वेळी महागात पडतो. जाणकार तपासणाऱ्याला आज सहा महिन्यांच्या आतही निदान करता येते, आणि तेव्हापासून सराव सुरू केला तर वाढत्या मेंदूला त्याचा अधिक लाभ होतो. शिवाय सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीनपैकी एका मुलाचा खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो. स्वीडनमध्ये १९९४पासून नियमित एक्स-रे काढून वेळीच उपचार केल्यामुळे खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण अगदी नगण्य झाले.

आईला दोष देणे थांबवणे, हाही जागृतीचाच भाग आहे. विल्यम लिटल या शल्यचिकित्सकाने १८६१ मध्ये या अवस्थेचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला; पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, मनोविश्लेषणाचे जनक, तेच) अशी शंका मांडली की अवघड बाळंतपण हेच कदाचित गर्भातील आधीच्या बिघाडाचे लक्षण असेल. आज आपल्याला माहीत आहे की जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे हे कारण थोड्याच मुलांत असते; अकाली जन्म, कमी वजन आणि गर्भारपणातील संसर्ग यांचा वाटा मोठा आहे. ग्रहण पाहणे किंवा कोणाचे पाप यांचा तर यात काहीच संबंध नाही.

आता आम्ही ज्यांना रोज भेटतो त्यांच्यासाठी. माझे बोलणे कळले नाही की लोक माझ्या आईकडे वळून ‘हिला काय हवे आहे?’ असे विचारतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे निम्म्यांना नसते. आणि जीभ किती अडखळते यावरून ते ठरत नाही. ज्यांना ती असते, त्यांच्याशीही त्यांच्याकडे पाहूनच बोलावे. कळले नाही तर पुन्हा विचारावे, कळल्याचे सोंग करू नये. न विचारता खुर्ची ढकलू नये, पाठीमागून अचानक हात लावू नये. दचकल्यावर आमचे स्नायू आणखी ताठतात. चारपैकी तिघांना वेदना असतात, हे तर आमच्या जवळच्यांनाही अनेकदा ठाऊक नसते, कारण आमच्या चेहऱ्यावरून ती वाचता येत नाही.

कार्यक्रम आखताना कृपया केवळ गोड चेहऱ्याची मुले मंचावर आणू नका. ही मुले मोठी होतात. अस्पष्ट बोलणाऱ्या प्रौढ व्यक्तीला बोलवा आणि तिला इतरांच्या दुप्पट वेळ द्या. मला एकदा दहा मिनिटे मिळाली होती. त्यांतली सहा माझ्या जिद्दीचे कौतुक करण्यात गेली. उरलेल्या वेळात माझी तीन वाक्ये झाली, आणि त्यांतले एक मिटलेल्या मुठीविषयी होते. कार्यक्रम संपल्यावर एक आजी समोर खुर्ची ओढून बसल्या आणि पाच महिन्यांच्या नातवाच्या उजव्या मुठीविषयी त्यांनी माझ्या आईला नव्हे, मला विचारले. माझे उत्तर त्यांना तिसऱ्या वेळी कळले: याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.