आईंना काउआईत कुठे न्यावं?

प्रश्न: ताई, आम्ही सिएटलला असतो. डिसेंबरात साताऱ्याहून आई-बाबा येताहेत, त्यांना घेऊन हवाईत काउआई बेटावर जायचा बेत आहे. मुलगा चार वर्षांचा. आईला पोहता येत नाही, पण समुद्रात उतरायची हौस दांडगी. कुठे न्यावं?

उत्तर: थेट लिडगेट बीच पार्कला न्या. पूर्व किनाऱ्यावर, वायलुआ नदीच्या मुखाला लागूनच आहे. तिथे समुद्रातच काळ्या दगडांचा बांध घालून दोन कुंडं केली आहेत. एक मोठं, दुसरं लहानग्यांसाठी उथळ. लाट बांधावर फुटते, आत पाणी नुसतं हलतं. लाइफगार्ड असतात. पाण्यात उतरायच्या आधी त्यांना ‘आज कसं आहे?’ एवढं विचाराच. बाबांना सुरूच्या झाडांखाली चटई टाकून द्या, कोकणात आल्यासारखं वाटेल त्यांना.

उत्तर किनाऱ्यावरच्या हनालेईचे फोटो बघून तिकडे पोहायचा हट्ट मात्र नको. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा त्याच किनाऱ्यावर येतात. लांबून बघा आणि परत फिरा.

आता कुंड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. समुद्र खवळला की पाणी बांधावरून आत येतं. बांधावर मुलाला चढू देऊ नका, आणि तो कायम हाताच्या अंतरावर हवा. एकाने फक्त त्याच्याकडेच बघायचं, मोबाइल पिशवीत. आपल्या मोठ्या गोतावळ्यात ‘सगळे आहेत ना’ म्हणून कुणाचंच लक्ष नसतं.

आईंची साडी हा खरा प्रश्न. ओली साडी पायांत गुंतते आणि माणूस गुडघाभर पाण्यातही आडवा होतो. पंजाबी ड्रेसवर राजी करा. नाहीच ऐकलं तर पोटरीपर्यंतच पाणी, तेही तुमचा हात धरून. पायांत पाण्यात घालायचे रबरी बूट हवेत, दगड टोचतात.

आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला तर नदीचं गढूळ पाणी समुद्रात उतरतं. पाणी तांबूस दिसलं की उतरूच नका. पार्कातच कमलानी प्लेग्राउंड आहे, मुलगा तिथे रमेल. नदीच्या गोड्या पाण्यातही खेळवू नका. दूषित पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप फक्त मुंबईच्या पावसाळ्यातच येतो असं नाही.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. प्रवाळाला अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१पासून बंदी आहे. घरातली जुनी बाटली तपासून मगच बॅगेत टाका.

आणि हो, पार्कच्या नदीकडच्या टोकाला हिकिनाआकाला या जुन्या हवाईयन देवस्थानाचे अवशेष आहेत. त्या दगडांवर चढायचं नाही, एकही खडा उचलायचा नाही. आईंना हे सांगावं लागणार नाही, चिरंजीवांना सांगा.