पोळी सोडण्याआधी

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. रक्ताचा रिपोर्ट आला, टीटीजीचा, म्हणजे सिलिअ‍ॅक या गव्हाच्या आजारात वाढणाऱ्या अँटिबॉडीचा, आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर आहे, एंडोस्कोपी पुढच्या गुरुवारी, आणि आमच्या मुलीनं त्याच दिवसापासून गहू बंद केला, किती समंजस आहे बघा, असं ती कौतुकानं सांगत होती. म्हणून हे पत्र घाईनं लिहिते आहे. आज रात्री पोळी खा. उद्या डब्यातही ने.

एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले चिमूटभर तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथं मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे ते झिजून सपाट झालेत का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. तू गहू सोडलास की अंकुर पुन्हा उगवायला लागतात, रक्तातली अँटिबॉडीही उतरते. मग तपासणी गुळमुळीत येते आणि पुढची वीस वर्षं ‘आहे की नाही, कोण जाणे’ यात जातात. ही माणसं मी पाहिली आहेत. धड खातही नाहीत, धड सोडतही नाहीत. तेव्हा डॉक्टरांना आजच फोन करून सांग की मध्ये इतके दिवस गहू बंद होता. ते म्हणतील तर तारीख पुढे जाऊ दे. पोळी खाऊन पोट फुगलं तर फुगू दे थोडे दिवस.

माझी गोष्ट तुला अर्धीमुर्धी ठाऊक आहे. मी 41 वर्षांची असताना हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. त्याआधी सहा वर्षं लोहाच्या गोळ्या खात होते. दर वेळी तेच, ‘बायकांना असतंच, महिनाभर घ्या.’ सांगणाऱ्याचं नाव कशाला घेऊ? तेव्हा हा लहान मुलांचा आजार समजला जायचा, आणि मला जुलाबही नव्हते. नुसतं पोट फुगायचं, तोंड यायचं, जिना चढताना धाप लागायची. लोह अंगात शिरतं ते प्रामुख्यानं आतड्याच्या त्याच सुरुवातीच्या भागातून. तिथले अंकुरच गेले असतील तर गोळ्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कुणाचंही हिमोग्लोबिन गोळ्या नीट घेऊनही हलत नसेल, तर ‘एकदा टीटीजी करून घ्या’ असं आता मी न विचारता सांगत सुटते. सून म्हणते, आई, लग्नात आलोय आपण.

तुझ्या आजींचा मुद्दा आईनं सांगितला, की गहू तर आपण पिढ्यान्पिढ्या खातो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण त्यांनाच विचार त्यांच्या लहानपणी घरात रोज काय व्हायचं. माळव्यात ज्वारी आणि मका रोजचे होते, गव्हाचे बाफले सणाला. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणणाऱ्या या मुलखात तीन वेळा गहू खाण्याची चाल तितकी जुनी नाही. आणि ज्यांना हा त्रास होता त्यांना ‘अंगी लागत नाही’ म्हणून सोडून द्यायचे. दोष गव्हाचाच, हे कळायलाही फार उशीर लागला. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं या आजाराच्या मुलांना गहू बंद करून पाहत होते. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना. भोवतालची माणसं खंगत होती आणि नेमकी ही मुलं सुधारत होती. युद्ध संपून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध 1950 चा. आजींना ही गोष्ट सांग. मी सांगितली तेव्हा आमच्या सासूबाई गप्प झाल्या होत्या, आणि ते फार क्वचित व्हायचं.

आता खरं बोलायचं ते बोलते. रिपोर्ट पक्का झाला की सगळे तुला काय खायचं ते सांगतील. ते अवघड नाही. मला आजारी ठेवलं ते भिडेनं. भीड भिकेची बहीण म्हणतात, माझ्या बाबतीत ती पोटाच्या दुखण्याची आई होती.

पहिल्या वर्षी मी पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया सगळं सोडलं. आठ महिन्यांनी टीटीजी पाहिलं, थोडंच उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, चोरून खाता का? रडूच आलं. मग एक दिवस फोडणी करता करता हिंगाच्या डबीमागचं बारीक अक्षर वाचलं. बाजारातला हिंग बहुधा बांधणीचा असतो, म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. आपलं कुठलं वरण हिंगाशिवाय होतं? दिवसातून दोनदा, चिमूट चिमूट. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, फक्त वाचून घ्यायचा.

दुसरा चोर गिरणी. मी नेटानं ज्वारी निवडून दळायला नेत होते आणि माझ्या आधीच्या बाईचा गहू त्याच जात्यात फिरलेला असायचा. ‘भिया, इसके पहले क्या पीसा था?’ हे एक वाक्य विचारायला मला वर्ष लागलं. लोक मागे उभे, उगाच कशाला खोळंबा, असं वाटायचं. शेवटी घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधी घातला नाही. तू घरापासून दूर राहतेस, तुला घरघंटी परवडायची नाही. माझ्याकडून दळून नेत जा.

चिमटीनं काय होतंय, असं सगळे म्हणतात. हिशेब करून ठेव. एका पोळीत अंदाजे दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा, काही महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा दिसते. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, ते उगाच नाही.

आणि तिसरा चोर म्हणजे प्रसाद. शेजारी सत्यनारायण होता. सव्वाच्या मापाचा शिरा, केळं घातलेला, तुपानं थबथबलेला. यजमानीणबाई द्रोण घेऊन समोर उभ्या, ‘प्रसादाला नाही म्हणू नये.’ मी खाल्ला. दोन दिवस अंथरुणात होते, आणि खंत अशी की त्यांना ते कळलंही नाही. आता मी आधीच फोन करते, ‘वहिनी, मला रवा चालत नाही, माझ्यासाठी केळं बाजूला ठेवाल?’ एकदाही कुणी रागावलं नाही. उलट मागच्या श्रावणात त्यांनी माझ्यासाठी राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा वेगळा केला होता, तुपात हात आखडता न घेता.

गंमत म्हणजे आपल्या घरात निम्मा मार्ग उपासानं आधीच घालून दिला आहे. राजगिरा, शिंगाडा, भगर, साबुदाणा, एकातही ग्लुटेन नाही. उकडीचे मोदक चालतात, अनारसे चालतात, बेसनाचे लाडू चालतात. थालीपिठाची भाजणी मात्र घरची असेल तरच, कारण बहुतेकींच्या भाजणीत मूठभर गहू असतो. कुरडया नाहीत, त्या गव्हाच्या चिकाच्या. आजाऱ्याला प्रेमानं करून देतात ते गव्हाचं सत्त्वही नाही! आणि एका शब्दाशी आपण दोन भाषांतली माणसं फसतो. मराठीत सातू म्हणजे जव, त्यात ग्लुटेनसारखंच प्रथिन आहे, तो वर्ज्य. इथल्या बाजारातलं सत्तू बहुधा चण्याचं, पण कुणी त्यात जव मिसळतं, कुणी गहू. विचारूनच घे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी त्याच जवाच्या.

सराफ्यात, आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं की नाही, हे तू नक्की विचारणार, म्हणून आधीच लिहिते. जा. दुकानं मिटल्यावर रात्री तिथं जे मांडलं जातं त्यातलं भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, रबडी हे मुळात आपलं आहे. गराडू हा कंद, तोही आपला, पण ज्या कढईत कचोरी तळली त्याच तेलात तळला तर नाही. पोहे तांदळाचे, तरी वरची शेव आणि जीरावन मसाला यांत हिंग असतो. मी माझं जीरावन पर्समध्ये बाळगते आणि पोहे ‘शेव न घालता’ मागते. पोहेवाला पहिल्यांदा माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी इंदूरची नाहीच. जिलबीकडे मात्र बघत जाऊ नकोस. मैदा आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ती हवीशी वाटते.

भाकरी तुला येत नाही, हे मला माहीत आहे. पीठ ताजं घे. ज्वारीचं पीठ महिनाभर पडलं की त्याची विरी जाते, भाकरी कडेनं फाटते आणि आपल्याला वाटतं हातच वाईट. उकळतं पाणी घालून उकड काढ, नीट मळ, आणि थापायला जमेना तर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ठेवून लाट. लाजायचं कारण नाही. तवा, पोळपाट-लाटणं आणि चाळण तुझी वेगळी हवी, कारण लाकडात आणि जाळीत पीठ अडकून राहतं. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांच्या नादी फार लागू नकोस. त्यातली पुष्कळशी साखर आणि स्टार्च असतात, पैसे जातात आणि लोह-फोलेट काही मिळत नाही.

तुझ्या रूममेटबद्दल तू विचारलंस. तिला शेंगदाण्यानं ओठ सुजतात, ते आपल्यासारखं नव्हे. आपलं दुखणं सावकाश आतडं खातं, तिचं मिनिटांत श्वास कोंडू शकतं. आमच्या भाच्याला एकदा खिचडीतल्या कुटानं तसं झालं होतं. अंगावर गांधी, मग आवाज बसला, मग उलटी. अशा वेळी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसायचं नसतं. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत, आणि तडक हॉस्पिटल. ते इंजेक्शन जवळ ठेवायचं का, हे तिनं ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारावं, आणि घरात दाण्याचं कूट तुम्ही ठेवूच नका. रक्तातल्या ‘आयजीजी’ अँटिबॉडीवरून शंभर पदार्थांची यादी काढून देणाऱ्या तपासण्यांवर दोघींनी पैसे घालवू नका. त्यातून ॲलर्जीही कळत नाही आणि आपला आजारही नाही. दूध पिऊन तुझं पोट बिघडतं ते बहुधा तात्पुरतं आहे. दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्याच अंकुरांच्या टोकाशी तयार होतं. अंकुर आले की दूधही पचायला लागेल, तोवर दही-ताक.

कमतरतांकडे मात्र लक्ष दे. गहू सुटला की सगळं आपोआप भरून येईल असं मीही धरून चालले होते. फेरिटिन (म्हणजे अंगात साठलेलं लोह), बी-12, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि एकदा थायरॉइड एवढं तपासून घे. आपण शाकाहारी, त्यामुळे बी-12 आधीच काठावर असतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोह अडवतो. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर लोह चांगलं शिरतं, तेव्हा पोह्यांवर लिंबू पिळणारी आपली बायकामंडळी शहाणीच होती. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी नको. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तीळही चांगले. डी जीवनसत्त्वाची ती 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घे. माझ्या एका मैत्रिणीनं ‘चांगलं असतं’ म्हणून वर्षभर घेतली आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसली. सहा महिन्यांनी आणि वर्षानं टीटीजी पुन्हा कर.

धाकट्या भावाची उंची वाढत नाही असं आई म्हणते. त्याचीही तपासणी करा, आईबाबांचीही. सख्ख्या नात्यात हा आजार साधारण दहांत एकाला निघतो. त्याच्या रक्तात एकूण आयजीए, म्हणजे टीटीजी ज्या जातीची अँटिबॉडी आहे ती, किती आहे तेही बघायला सांगा. तीच कमी असली तर टीटीजी फसवतं.

आईची दुसरी काळजी तिनं फोनवर आवाज खाली करून सांगितली. लग्नाच्या वेळी हे सांगायचं का? मी तिला जे म्हटलं तेच तुला लिहिते. पहिल्या भेटीत, चहा-पोहे समोर आले की सांग. ‘मी गहू खात नाही, कधीच खाणार नाही, या पोह्यांवर शेव नको.’ समोरच्यांचे चेहरे बघ. वेगळा तवा ज्या घरात जड होतो, तिथं बाकीचंही जडच जाईल. तुझ्या आईला हे फारसं पटलेलं नाही. पटेल.

नवा लोखंडी तवा आणि चाळण आणून ठेवली आहे, तांदळातला हिंगही आहे. एंडोस्कोपी झाली की त्याच रविवारी ये, भाकरी शिकवते. रिपोर्टची झेरॉक्स आण. तारीख पुढे गेली तर कळव, आणि तोवर पोळी चालू ठेव.

तुझी
काकू