ऑफिसच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच पुण्यातल्या जपानी फ्युजन पबमध्ये जातोय, दोघं शुद्ध शाकाहारी आहेत, काय मागवावं?

त्या दोघांचंच आधी बघा, बाकीच्यांचं कसंही निभतं.

सांगतो का ते. मागच्या वर्षी चुलतभावाला घेऊन कोरेगाव पार्कातल्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव नको. हा अंडंसुद्धा खात नाही. मेनूत मिसो सूपपुढे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपपुढे, हिरवा ठिपका होता म्हणून निवांत प्यायला, वर आणखी एक मागवलं. मग आम्ही आमच्यासाठी ओकोनोमियाकी सांगितलं, म्हणजे कोबीचं जाडसर धिरडंच हो, आणि ते टेबलावर आलं तर वरचे पातळ तपकिरी पापुद्रे चक्क हलत होते. भाऊ म्हणाला, "जिवंत आहे का रे हे?" वेटर म्हणे सुका मासा आहे सर, वाफेने हलतो. मला शंका आली म्हणून सूपचं विचारलं, तो आत जाऊन आला आणि हळूच म्हणाला, सर त्यातपण तोच असतो. भावाने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच, नळस्टॉप येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्याचं कारण दाशी. जपानी स्वयंपाकात अर्ध्या गोष्टींच्या मुळाशी हे पाणी असतं, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि त्या सुक्या माशाचे कीस उकळून काढलेलं. सूप, तेम्पुरा नावाच्या भज्यांबरोबरची चटणी, तळलेल्या टोफूवरचा रस, सगळीकडे. त्यामुळे "व्हेज आहे ना" असं विचारू नका, "दाशी कशाची" असं विचारा. नुसत्या कोंबूची किंवा शिटाके मशरूमचीपण करता येते. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, आणि काकडी-अॅव्होकाडोचा सुशी रोल बिनधास्त घ्या. एदामामेची शेंग दातांनी दाबून दाणे काढायचे आणि साल टाकायची, आमच्यातला एक जण अख्खी चावत बसला होता.

इझाकाया, म्हणजे तिकडचा पब, तिथे स्टार्टर आणि मेन कोर्स असं काही नसतं, पीत पीत छोट्या प्लेट्स येत राहतात, त्यामुळे "जेवण कधी येणार" म्हणून ताटकळू नका. याकितोरी, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं चिकन, नुसत्या मिठातलं मागवा. पनीर टिक्का सुशी मला तरी झेपली नाही.

साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, शॉटसारखी मारू नका, साधारण 15 टक्के असते, वाइनसारखी घोट घोट घ्यायची. हायबॉल म्हणजे व्हिस्की-सोडाच, फक्त ग्लास उंच. ग्रुपात फ्रेशर्स असतील तर आपल्याकडे कडक दारूला वय 25 लागतं हे लक्षात असू द्या.

आणि दारूचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगा, नाहीतर एदामामे खाल्लेला माणूस साकेचे पैसे भरतो आणि वर्षभर ऐकवतो.