सां-मिशेलमध्ये घर घ्यावं का, असं विचारलंस म्हणून

तू तीन गोष्टी विचारल्यास. ऑक्टोबरमध्ये नवऱ्यासोबत कॅनडात, माँट्रियालला येते आहेस, तर नर्सिंगचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत काय करायचं? सां-मिशेल भागात परवडणारं घर मिळतंय, पण तो ‘हैतीच्या लोकांचा एरिया’ आहे, तिथे राहू नकोस असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का? आणि तिथल्या मराठी लोकांपासून चार हात लांबच राहा, फार गटबाजी असते, असंही ऐकलंयस. पहिल्याचं उत्तर लगेच देते. उरलेले दोन प्रश्न मला एकच वाटतात, त्यांना जरा वेळ लागेल.

नर्सिंगचं सांगायचं तर सगळं फ्रेंचवर अडतं. निघेपर्यंत जमेल तेवढं शिकून घे. इथे आल्यावर सरकारी वर्ग मोफत असतात, पहिल्याच आठवड्यात नाव घाल. रजिस्ट्रेशनला वेळ लागतो, तोवर वृद्धाश्रमात ‘प्रेपोजे’ म्हणून काम मिळतं. पेशंटला उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. तिकडे सिस्टर होते आणि इथे हे, असं मनात आणू नकोस. मी अकरा वर्षं याच कामात आहे आणि माझ्या मजल्यावरच्या निम्म्याहून जास्त बायका हैतीच्या, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या त्या देशाच्या, आहेत. कोरोनात घरचे लोकसुद्धा दारापर्यंत येऊ शकत नव्हते, तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात घास घालणाऱ्यांत त्या होत्या. त्यांतल्या कित्येकींचे आश्रयाचे अर्ज तेव्हा निकालातही निघाले नव्हते.

आता घराचं. मी सां-मिशेलमध्येच राहते, मेट्रोच्या निळ्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर. आले तेव्हा एका घरमालकाने दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. मुंबईची सवय, मी पैसे काढून ठेवलेसुद्धा. ड्यूटीवर सहज बोलले, तर आमच्यातली वयाने मोठी एक बाई, जिला सगळेच ‘मातांत’ म्हणजे मावशी म्हणतात, ती हातातली चादर टाकून उभी राहिली. म्हणाली, क्युबेकमध्ये, म्हणजे आपल्या या प्रांतात, डिपॉझिट मागणंच बेकायदा आहे, फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. दुसऱ्या दिवशी रजेचा दिवस असून ती माझ्यासोबत आली, भाडेकरार ओळ न् ओळ वाचला, आणि ते घर सोडायला लावून तिच्याच गल्लीत दुसरं बघून दिलं. तेव्हा आमची ओळख जेमतेम तीन आठवड्यांची होती.

मी तिला विचारलं, एवढं का करतेस? तिने त्यांच्या क्रेयोल भाषेतली म्हण सांगितली: ‘मेन आन्पिल, शाय पा लू.’ हात पुष्कळ असले की ओझं जड होत नाही.

वर्षभराने तिने मला त्यांच्या ‘सोल’मध्ये घेतलं. सोल म्हणजे आपली भिशीच. बारा जणी, दर पगाराला प्रत्येकी दोनशे डॉलर, आणि ज्या बाईचा नंबर तिला सगळी रक्कम. कागद नाही, सही नाही, मातांतची एक वही आणि तिचा शब्द. पगाराच्या गुरुवारी लॉकर रूममध्ये ती बाकावर बसते, चष्मा नाकावर, मांडीवर निळी वही. आपण पाकीट द्यायचं, ती मोजते, नावापुढे टिंब काढते. माझी आई अशीच भिशी चालवायची, फक्त तिची वही देवघरात असायची.

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. हैतीची राजधानी पोर्तोप्रँसमधल्या कार्फूर-फॉय वस्तीवर टोळ्यांनी हल्ला केला, हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. आमच्यातल्या एकीची आई आणि बहिणीची मुलं त्यांत होती, एका शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपत होती. तिचा नंबर दहावा होता. त्या गुरुवारी मातांतने वही उघडली आणि काहीच बोलली नाही, नुसती सगळ्यांकडे बघत राहिली. जिचा नंबर होता तिने पाकीट उचललं आणि त्या मुलीच्या ओच्यात ठेवलं. पुढच्या नंबरवालीने मान हलवली, मग सगळ्यांनी. दोन मिनिटांचं काम. मी लॉकरकडे तोंड करून उभी राहिले, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

‘त्या एरियात जाऊ नकोस’ म्हणणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

ही एकी आपोआप आलेली नाही, हेही तुला कळायला हवं. हैतीतल्या दुवालियेच्या हुकूमशाहीतून १९६० च्या दशकात सुटून आलेले डॉक्टर, मास्तर, नर्स इथे आधी पोचले. त्यांच्या मागून कारखान्यांत आणि टॅक्सीवर राबणारे आले. आधीच्यांना नंतरच्यांची लाज वाटावी असा वर्गभेद त्यांच्यातही होता, अजून आहे. पण १९७२ मध्ये ‘मेझों द’हायती’ ही इथल्या हैतीयनांची संस्था उभी राहिली, आणि १९७४ मध्ये सुमारे दीड हजार हैतीयनांवर हद्दपारीची पाळी आली तेव्हा शिकलेले आणि राबणारे एकाच मोर्चात चालले. बऱ्याच जणांना राहता आलं. २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतून हजारो लोक पायी सीमा ओलांडून आले आणि सरकारने त्यांच्यासाठी ऑलिंपिक स्टेडियमात खाटा टाकल्या. तेव्हा अर्ज भरून द्यायला, मुलांना शाळेत घालायला आधीच्या पिढीचीच माणसं धावली. न्यूयॉर्कच्या हैतीयनांनीही तेच करून दाखवलं. एड्सच्या भीतीपोटी सगळ्या हैतीयनांच्या रक्तदानावर अमेरिकेने बंदी घातली, तर २० एप्रिल १९९० ला हजारोंच्या संख्येने ते ब्रुकलिन पुलावरून चालत गेले. वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली.

परदेशात जमतं ते मायदेशाबाबत मात्र अडतं. ‘दियास्पोरा’ म्हणजे परदेशी जाऊन राहिलेला समाज, पण हैतीत हा शब्द एकेका माणसालाच लावतात. मातांत गावी गेली की बाजारात हाक येते, ‘ए दियास्पोरा!’ आणि भाव दुप्पट होतो. ती म्हणते, इथे मी हैतीची, तिथे मी दियास्पोरा. बाहेरच्यांनी धाडलेला पैसा हा देशाच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा आहे, पण २०१२ मध्ये घटना बदलेपर्यंत दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हैतीचं जायचं. इथे आल्यापासून तिकडच्या एकाही निवडणुकीत तिला मत देता आलेलं नाही. उलट बाजूही खरी आहे. बाहेरच्यांना वाटतं, पैसे आम्ही देतो तर अक्कलही आमचीच चालली पाहिजे. तिकडे ज्यांनी भूकंप सोसला, जे गोळ्यांच्या आवाजात पोरांना झोपवतात, त्यांना कुणी विचारायचं? आमच्या मजल्यावर यावरून कडाक्याची भांडणं होतात, आणि दोन्हीकडचं मला पटतं.

त्यांच्या झेंड्यावरच लिहिलंय, ‘एकीत बळ आहे.’ १८ मे १८०३ ला आर्काए गावात काळे आणि मिश्रवर्णीय सेनानी एकत्र आले, तेव्हा तो झेंडा ठरला. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, गुलामांनी फ्रान्सशी लढून मिळवलेला. तीन वर्षं होण्याआधी, ऑक्टोबर १८०६ मध्ये, त्या लढ्याचा नेता देसालीन, त्याला आपल्याच माणसांनी मारलं आणि देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेला क्रिस्तोफचं राज्य, दक्षिणेला पेत्योंचं. १८२० मध्ये तुकडे जुळले, तर १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून स्वातंत्र्याची किंमत मागितली, पंधरा कोटी फ्रँक. त्या कर्जाचे हप्ते विसाव्या शतकापर्यंत चालले. दोष सगळा फुटीचा नाही, लुटणारे बाहेरचेच होते. पण घर फुटलेलं असलं की लुटणाऱ्याला दार ठोठवावं लागत नाही. आजही बघ. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, त्यानंतर कित्येक वर्षं निवडणूक झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये कारभार बघायला नऊ जणांची परिषद बसली, तिने आपणच नेमलेल्या पंतप्रधानाला नोव्हेंबरात काढलं. त्याच वर्षी राजधानीवर एकत्र चाल करून गेलेल्या टोळ्यांनी मात्र आधीच युती केली होती, आणि तिला नाव दिलं होतं ‘विव्ह आन्सान्म’, म्हणजे एकत्र जगू. २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त माणसं आपल्याच देशात बेघर झाली. हे नाव बातम्यांत आलं की मातांत टीव्ही बंद करते.

तिचा चेहरा उजळलेला बघायचा तर तिला हैतीतल्या वानामेंत गावच्या कालव्याचं विचारावं. ईशान्येला डॉमिनिकन सीमेवर मॅसकर नावाची नदी आहे. तिचं पाणी मारिबारूच्या मैदानातल्या कोरड्या शेतांत आणायचा कालवा अर्धवट पडला होता. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस गावकऱ्यांनीच तो पुन्हा खणायला घेतला. १५ सप्टेंबरला शेजारच्या देशाने सगळी सीमा बंद केली. बाजार ठप्प, सामान महाग. लोक थांबले नाहीत. शेतकरी फावडी घेऊन, बायका जेवणाची पातेली घेऊन आल्या. बाहेरच्या हैतीयनांनी सिमेंटसाठी पैसे धाडले. घोषणा एकच, ‘कनाल ला पाप कान्पे’, कालवा थांबणार नाही. आमच्या निळ्या वहीत तेव्हा एक जादा पान होतं, प्रत्येकीचे वीस डॉलर कालव्याचे. माझेही. मातांत म्हणाली, हे ‘कोनबिट’ आहे. कोनबिट म्हणजे एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं आणि त्याने जेवण घालायचं. मी तिला सांगितलं, याला आम्ही इर्जिक म्हणतो. तिने तो शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला.

त्या वेळी पैसे कुठे गेले हे सगळ्यांना दिसत होतं. फोनवर रोज कालव्याचे व्हिडिओ यायचे, आज एवढी भिंत झाली, उद्या एवढी. दियास्पोरा की गावचा, हा वाद तेवढे महिने कुणी काढला नाही. मला वाटतं हैतीला याचीच गरज आहे. तिकडच्यांनी काम ठरवावं, बाहेरच्यांनी भार उचलावा, आणि हिशेब दोघांसमोर उघडा असावा.

आता तुझा तिसरा प्रश्न. माझे वडील रत्नागिरीकडचे, गिरणीत होते. लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत पंधरा जण झोपायचे, ट्रंका माळ्यावर. त्या मंडळातही भांडणं व्हायची. देवळाच्या वर्गणीवरून दोन भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत. पण १९८२ च्या संपात पगार थांबले तेव्हा आमच्या घरी तांदूळ आला तो त्याच खोलीतून आला. आमच्या गावीही चाकरमान्याला गणपतीत मान आणि मागून टोमणा, दोन्ही मिळायचं. म्हणून मातांतचं दुःख मला सांगावं लागलं नाही. गटबाजी आहे म्हणून आपल्या माणसांपासून लांब राहणं म्हणजे सर्दी होते म्हणून नाक कापणं. मंडळात जा. अध्यक्षपदाच्या वादात पडू नकोस, स्वयंपाकाच्या आणि हिशेबाच्या कामात पड. आणि फक्त मराठी मंडळात थांबू नकोस.

घर घे. बघताना ‘चार अन् अर्धं’ असं लिहिलेलं असेल, तो अर्धा म्हणजे बाथरूम. हीटिंग भाड्यात धरलंय का ते लेखी घे, आणि सही करायच्या आधी करार मला पाठव, मी मातांतला दाखवते. १ जानेवारीला सकाळी आमच्याकडे ये. त्या दिवशी प्रत्येक हैतीयन घरी ‘सूप जूमू’ शिजतं, लाल भोपळ्याचं, मांस आणि कोबी घातलेलं. गुलामीत ते शिजवायचं त्यांनी आणि प्यायचं मालकांनी, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सगळ्यांनी प्यायचं. मातांत आदल्या रात्रीच मांस मुरवून ठेवते आणि जिन्यातल्या प्रत्येक दारात वाडगा पाठवते. तू शाकाहारी असशील तर आधी कळव, माझ्या पहिल्या वर्षी तिने माझ्यासाठी वेगळं पातेलं लावलं होतं.